अण्णांचं पोट आणि माझी नाडी

माझे वडील सिंगापूरला आले, पण त्यांचं पोट पुण्यातच राहिलं.

म्हणजे तसं ते बरोबर आलं होतं. विमानतळावर वाकून नमस्कार करताना मी ते अगदी जवळून पाहिलं. पण इथे आल्यावर काम करायला ते साफ नाही म्हणालं. अण्णा निवृत्त मुख्याध्यापक. पुण्यात त्यांचं सगळं वेळापत्रकानुसार चालायचं. पहाटे तांब्याभर गरम पाणी, गच्चीवर येरझारा, आणि मग ते. शेजारचे लोक त्यावर घड्याळ लावत असावेत. त्यांनी घरात कमोड बसवूच दिला नव्हता. आमच्या बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये मात्र कमोडच होते, एक सोडून दोन.

"खुर्चीवर बसून माणूस फार तर रजेचा अर्ज लिहील," अण्णा म्हणाले.

(इथे मॉलमध्ये किंवा स्टेशनात उकिडवं बसायची सोय कधीकधी सापडते, हे मी सुचवून पाहिलं. "मी सार्वजनिक ठिकाणी जात नाही," असं उत्तर मिळालं आणि विषय संपला.)

रोज सकाळी नाश्त्याच्या टेबलावर आई विचारायची, "काही?" अण्णा आडवी मान हलवायचे. इसबगोल झालं, त्रिफळा झाला, एरंडेल झालं. पपईवाल्यानं तर आम्हाला ओळख दाखवायला सुरुवात केली होती. डॉक्टरांच्या गोळ्यांना अण्णांचा तत्त्वतः विरोध होता, कारण सवय लागते. माझी मुलगी सई इथल्या शाळेत तिसरीत. ती पोहे खाता खाता म्हणाली, "आजोबा स्टिल कॅनॉट, इज इट?"

शेवटी एका सकाळी अण्णांनी पोह्यांची बशी बाजूला सारली. "सुहास, रविवारपर्यंत बघतो. नाही झालं, तर सोमवारी माझं तिकीट बदलून घे. आमच्या दोघांचंही."

आई उठून ओटा पुसायला लागली. ओटा स्वच्छच होता. किती वर्षं मागे लागल्यावर हे दोघं आले होते! दोन महिने राहायचं ठरलं होतं. सई रात्री आजीच्या कुशीत झोपायला लागली होती आणि 'आजी, स्टोरी सांग' इतपत मराठीही बोलायला लागली होती. हे सगळं एका आतड्यापायी सोमवारी आटोपणार! मला फार वाईट वाटलं. आणि रागही आला, पण अण्णांवर रागवायची आमच्या घरी पद्धत नाही.

वाट सापडली ती लिफ्टमध्ये. समोरच्या फ्लॅटमधल्या मिसेस तान भाजीची ट्रॉली घेऊन आत शिरल्या आणि अण्णांच्या पोटाकडे बोट दाखवून मोठ्यानं म्हणाल्या, "अंकल, युअर ग्रँडडॉटर टेल मी ऑलरेडी. टू हीटी, लाह! गो सी सिनसे." लिफ्टमधल्या बाकीच्यांनी सहानुभूतीनं माना डोलावल्या.

सिनसे म्हणजे चिनी वैद्य. हीटी म्हणजे उष्ण, हे मी अण्णांना समजावून सांगितलं. अण्णा खूश झाले.

"म्हणजे यांना उष्ण-थंड कळतं? नाडीही बघतात? मग मूळ विद्या आपलीच. चल. पण एक सांगतो, मी तक्रार सांगणार नाही. खरा वैद्य असेल तर नाडीवरून ओळखेल."

शनिवारी मी त्यांना जवळच्या चिनी औषधांच्या दुकानात नेलं. भिंतभर लाकडी खण, बरण्यांत वाळलेली मुळं, साली आणि काही अशा वस्तू, की ज्यांना पाय होते. ("तिकडे बघू नका," मी अण्णांना म्हणालो. अण्णांनी तिकडेच पाहिलं.) दुकानाच्या मागच्या बाजूला एक पडदा, आणि पडद्याआड सिनसे. अण्णांच्या डोळ्यांसमोर पांढऱ्या दाढीचा कुणी ऋषी असणार. आत बसली होती चष्मा लावलेली, पोनीटेल बांधलेली, पायात स्पोर्ट्स शूज घातलेली एक तरुण मुलगी.

अण्णा दारातच थबकले. मग घसा साफ करून शाळेतल्या इंग्रजीत म्हणाले, "गुड मॉर्निंग. माय सन इज सफरिंग."

मी मागे वळून पाहिलं. मी त्यांचा एकुलता एक मुलगा आहे.

"अण्णा, अहो..."

"मुलीच्या वयाची आहे ती," अण्णा मराठीत पुटपुटले. "तिला मी हे असलं सांगू? तू सांग. तुझं म्हणून सांग."

मी चाळिशी ओलांडलेला माणूस. ऑफिसात माझ्या हाताखाली लोक काम करतात. पण मुख्याध्यापकांनी 'सांग' म्हटल्यावर मी मुकाट्यानं खुर्चीवर बसलो आणि मनगट पुढे केलं.

तिनं तीन बोटं ठेवली, डोळे मिटले आणि बराच वेळ तशीच बसली. मग म्हणाली, "यू ऑल्वेज अँग्री इनसाइड. नेव्हर से आउट."

"साफ चूक," अण्णा मला म्हणाले. "हा लहानपणापासून थंड आहे. हिला नाडी कळत नाही."

मी नेहमीप्रमाणे काही बोललो नाही.

मग तिनं माझी जीभ पाहिली. अण्णांनीही वाकून पाहिली आणि 'हं' म्हणाले. माझी दहावीची गुणपत्रिका पाहूनही ते असंच 'हं' म्हणाले होते. त्यानंतर प्रश्न सुरू झाले.

"हार्ड ऑर सॉफ्ट?"

मी अण्णांकडे पाहिलं. "खडा," अण्णा म्हणाले.

"व्हेरी हार्ड," मी म्हणालो.

"शेप?"

"लेंड्या म्हणून सांग. बकरीच्या."

"लाइक... गोट," मी म्हणालो.

"गॅस?"

अण्णांनी जरा विचार केला. "हे मोघम सांग."

तेवढ्यात पडद्यापलीकडे कुणीतरी खोकलं. तो खोकला मराठी होता. अशा गोष्टी परदेशात माणसाला बरोबर कळतात. मी पडदा जरा बाजूला केला, तर गुडघेदुखीवर लेप घ्यायला नुकत्याच आलेल्या सुनंदाताई गोखले! इथल्या मराठी मंडळींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप त्यांच्या हातात. त्यांनी इंग्रजी उत्तरंही ऐकली होती आणि मराठी मूळ संहिताही; फक्त 'तुझं म्हणून सांग' तेवढं हुकलं होतं.

"पाणी कमी पितोस का रे?" त्यांनी मायेनं विचारलं.

सिनसेनं खणांतून मुळं-साली काढून तोलल्या. "बिग साइज मॅन, मस्ट बी स्ट्राँग," असं म्हणून तिनं आणखी एक मूठ टाकली. अण्णांनी एक तुकडा हुंगला आणि विजयी मुद्रेनं म्हणाले, "ही तर आपली रेवाचिनी! जुलाबाची!" एक पुडी, तीन वाडगे पाणी, आटवून एक वाडगा करायचं आणि रिकाम्या पोटी घ्यायचं. काम झालं असं मला वाटलं. पुड्या आता घरी न्यायच्या आणि अण्णांना पाजायच्या, एवढंच राहिलं होतं.

रविवारी आई उजाडतानाच काढा करायला उभी राहिली. त्या वासानं मेधा, म्हणजे माझी बायको, खिडक्या उघडत सुटली. सई उशीत तोंड खुपसून ओरडली, "समथिंग डाय, इज इट?" शेवटी काळाकुट्ट वाडगा अण्णांच्या पुढे आला.

"मी कसा घेऊ?" अण्णा म्हणाले. "औषध नाडीवर दिलेलं असतं. तिनं नाडी बघितली सुहासची. दुसऱ्याच्या नाडीचं औषध घेणं हे शास्त्राला धरून नाही."

"अहो अण्णा, पण ती नाडी मी तुमच्यासाठी दिली होती!"

"नाडी अशी देता येत नाही."

आईच्या हातात वाडगा तसाच. कपाळावर घाम. "मी एवढा वेळ ढवळत उभी आहे," ती म्हणाली. "आता कुणीतरी प्या."

मी प्यायलो. धड पोटाला काय होणार आहे, असा माझा हिशोब होता. मी विज्ञान शाखेचा पदवीधर आहे, हे इथे सांगून ठेवतो.

त्या दिवशी आम्ही सगळे पुलाउ उबीनला निघालो होतो. अण्णा परत जाणारच असतील तर निदान ते जुन्या वळणाचं बेट तरी बघतील, म्हणून. टॅक्सीत माझा फोन सारखा वाजत होता. सुनंदाताईंनी कामगिरी चोख बजावली होती. 'सुहास, अंजीर भिजवून खा.' 'लाजू नकोस, सगळ्यांना होतं.' एका बँकेतल्या गृहस्थांनी बसायच्या योग्य पद्धतीचं चित्र पाठवलं होतं.

उबीनची होडी बारा माणसं जमल्याशिवाय सुटत नाही. आम्ही पाच जण बसून बाकीच्यांची वाट बघत होतो, तेव्हा माझ्या पोटात कुणीतरी कपाट सरकवल्यासारखं झालं. मग शांत झालं. मी त्याकडे दुर्लक्ष केलं.

बेटावर आई आणि मेधा शहाळं घेऊन सावलीत बसल्या. अण्णा, सई आणि मी भाड्याच्या सायकली काढल्या. पुण्याचा माणूस सायकलवर बसला की वय विसरतो. अण्णा रबराच्या झाडांमधून घंटी वाजवत पुढे, सई त्यांच्या मागे आणि मी सगळ्यांच्या मागे, कारण कपाट पुन्हा सरकलं होतं. या वेळी ते दाराशी आलं होतं.

"पापा, युअर फेस व्हेरी ग्रीन," सई म्हणाली.

"टॉयलेट," मी एवढंच बोलू शकलो.

वळणावर पत्र्याच्या छपराचं एक जुनं लाकडी घर होतं. ओसरीवर बनियन घातलेले एक चिनी आजोबा शीतपेयं विकत बसले होते. सईनं त्यांना जाऊन विचारलं. त्यांनी हसून घरामागे बोट दाखवलं. मी सायकल टाकली आणि धावलो. केळीच्या आड एक छोटी खोली. दार उघडलं. सिमेंटची जमीन, उकिडवं बसायची जुनी सोय, काठोकाठ भरलेली बादली आणि तिच्यात तरंगणारं टमरेल. आत एक पाय टाकला, तोच खांद्यावर हात पडला.

"सुहास, थांब."

अण्णा माझ्या खांद्यावरून आत बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी गावचं माणूस भेटल्याचा भाव होता.

"हे सार्वजनिक नाही. हे घर आहे," ते हळूच म्हणाले. मग डोळे मोठे झाले. "मला वाटतं... आली."

वाचकहो, माझी अवस्था काय सांगू! आता 'आधी मी' म्हटलं असतं तर अण्णांची गेली असती, ती कायमची. सोमवारी तिकीट, आई पुन्हा पुण्यात, सईची गोष्ट अर्धी. आणि 'आधी तुम्ही' म्हटलं तर माझं जे होणार होतं ते मला स्पष्ट दिसत होतं.

"जा अण्णा," मी म्हणालो.

दार लागलं. कडी लागली.

"बादली भरलेली आहे रे!" आतून आवाज आला.

"हो, अण्णा."

"वाराही छान येतो."

"हो, अण्णा."

"तुला घाई नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. घाम डोळ्यांत गेला होता.

"पापा, व्हाय यू डान्सिंग?" सईनं विचारलं. तिला मी आजोबांच्या सायकलवर लक्ष ठेवायला पाठवलं आणि झाडीकडे वळलो. झाडीत एक रानडुकरीण पिल्लांसह उभी होती. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्या क्षणी एखाददुसरा दंड भरायची माझी तयारी होती, पण जागा द्यायची तिची नव्हती. मी उलट्या पावलांनी पुन्हा दाराशी आलो आणि पाढे म्हणायला सुरुवात केली. आत अण्णा गुणगुणत होते. सत्तावीसचा पाढा मला आजही त्या दाराच्या रंगासकट आठवतो.

अखेर कडी निघाली. अण्णा बाहेर आले. माणूस दहा वर्षांनी तरुण दिसत होता. त्यांना काही बोलायचं होतं, पण मी आत होतो. पुढचं लिहीत नाही. सिनसेनं टाकलेली ती जास्तीची मूठ वाया गेली नाही, एवढं सांगतो. बाहेर अण्णा सईला म्हणत होते ते ऐकू आलं, "चिनी औषध उत्तम हो! बाबानं घेतलं आणि गुण मला आला."

धक्क्यावर आईनं विचारलं, "काही?" अण्णांनी मान हलवली, पण या वेळी उभी. आईनं शहाळं खाली ठेवून पदर डोळ्यांना लावला. माझेही डोळे भरून आले. त्यातले काही अश्रू अशक्तपणाचे होते.

तिकीट बदललं नाही. हळूहळू अण्णांनी कमोडशीही तडजोड केली, पण मनासारखं व्हायचं ते उबीनलाच. म्हणून दर शनिवारी मी त्यांना होडीनं नेऊ लागलो. ओसरीवरचे आजोबा आम्ही दिसलो की बादली भरायचे. दोघांना एकमेकांचा शब्दही कळत नव्हता, पण मैत्री घट्ट झाली. होडीत दर वेळी कुणी ना कुणी मराठी भेटायचं आणि खबर सुनंदाताईंपर्यंत पोचायची.

अण्णा-आई परत जायच्या आधी आम्ही सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं. सुनंदाताईंनी सगळ्यांदेखत अण्णांना हात जोडले. "धन्य आहे तुमची, अण्णा. या वयात दर शनिवारी होडीनं मुलाला तिकडे घेऊन जाता. कोणता बाप इतकं करेल?"

खोटं बोलणाऱ्या पोरांना अण्णांनी आयुष्यभर बाकावर उभं केलं होतं. मी आशेनं त्यांच्याकडे पाहिलं. अण्णांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"काय करणार, ताई," ते म्हणाले. "लहानपणापासून त्याचं पोट असंच."

सुनंदाताईंनी पिशवीतून अंजिरांचा डबा काढून माझ्या हातात ठेवला. मी नेहमीप्रमाणे काही बोललो नाही. त्या सिनसेला नाडी मात्र अगदी बरोबर कळली होती.