कांडून फेडलेले भाडे

जिच्या छपराखाली मी आणि माझी लेक राहत होतो, त्या बाईला मी परक्या माणसासमोर मजुरीची बाई म्हटले. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचे सगळे त्यातूनच झाले.

बायको पटकीने गेली तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. खालापूरचे घर भावांकडे राहिले. मी मुलीला घेऊन कर्जतला आलो आणि स्टेशनवर तारेचे काम शिकायला उमेदवार म्हणून लागलो. उमेदवारी म्हणजे काम पुरे आणि पगार नाही; परीक्षेत उतरलो तरच नोकरी. स्टेशनामागे एका विधवा शेतकरणीची पडवी भाड्याने घेतली. तिला आम्ही काकी म्हणत असू. बायकोची नथ मोडून काही महिने भाडे दिले, मग हात रिकामे झाले आणि मी तोंड चुकवू लागलो. एका सकाळी तिने मला दारातच अडवले.

"पळतोस कुठं रं? पैसं नाय तर नाय. सून बाळंतपणाला म्हायेरी गेली, दुसऱ्या मुसळाला माणूस नाय. तू ये, भाडं कांडून फेड."

"मी भात कांडू?"

"हात हायेत ना? तारंवर टकटक करतोस, ती हितं कर."

काकी तांदूळ कांडून बाजारात विकायची. आमच्याकडे पुरुष मुसळाला हात लावत नसत. मी म्हटले, उखळ मागीलदारी ठेव, म्हणजे कोणी बघणार नाही. ती हसली, पण तिने ठेवले.

एका उखळात दोघांनी कांडायचे तर एकाचे मुसळ वर जाताना दुसऱ्याचे खाली आले पाहिजे. माझ्या डोक्यात तारेची अक्षरे चालू असत, हात त्याच तालावर पडे, मुसळावर मुसळ आपटून दाणे उडत.

"तुजी तार मुंबईला धाड, माज्या उखळात नको," ती म्हणायची.

तळहाताला फोड आले, फुटले. तारेचे बटण दाबताना हात झोंबे. तरी एक दिवस चुकवला नाही. मी कामावर असताना काकी पोरीला पेज भरवी. परीक्षेपर्यंत तग धरायचा, एवढेच मनात होते.

एक दिवस मला काम शिकवणारे तारमास्तर मागच्या वाटेने जाताना कुंपणाशी थांबले. माझ्या केसांत भाताचा कोंडा, हातात मुसळ.

"हे काय? कांडप करतोस?"

मला वाटले, आता हे मला परीक्षेला बसवत नाहीत. मी मुसळ भिंतीला टेकवले. "छे, छे. ही आमची कांडपीण, मजुरीवर कांडते. मुसळाची कडी सैल झाली का, तेवढं पाहत होतो."

काकीने पदर पुढे ओढला आणि ती एकटीच कांडत राहिली. मी हात धुऊन कामावर निघालो.

पुढच्याच आठवड्यात मी संध्याकाळी घरी आलो, तर काकी ओट्यावर तांदळाच्या कण्या निवडत बसली होती.

"कुठून आणल्यास?"

"तुज्या मास्तराकडून. घरी पावणं हायेत त्यांच्या. कांडपिणीला बोलवायला शिपाई धाडलान. दिसभर कांडलं, ही मजुरी."

"अगं, पण तू गेलीस कशाला?"

"मग काय सांगू त्याला? घर माजं हाय, आन् तुमचा उमेदवार खोटं बोलला? मग तुजी परीक्षा कुठली, आन् या पोरीनं जावं कुठं?" तिने सूप माझ्यापुढे सरकवले. "खिमटी करून घाल पोरीला. घ्या, मालक."

ती मला कधी अहो-जाहो करत नसे.

दुसऱ्या दिवशी स्टेशनात पोचताच मी मास्तरांपुढे उभा राहिलो. घर तिचे आहे, भाडे मी कांडून फेडतो, काल ती माझ्या खोटेपणापायी तुमच्याकडे राबली, असे सगळे सांगितले. त्यांनी माझे तळहात उलटून पाहिले.

"परीक्षेला बस," ते म्हणाले. "पण तारेवर असलं खोटं काही पाठवू नकोस. आणि त्या बाईला माझा नमस्कार सांग."

संध्याकाळी घरी येताच मी उखळ मागीलदारून उचलून पुढच्या अंगणात आणले. शेजारणी पाणी घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या. काकी दारात आली.

"काकी, मास्तरांना खरं सांगून आलोय. त्यांनी तुला नमस्कार सांगितलाय. माझी पोर ज्या घरात निजते, त्या घराच्या मालकिणीला मी कांडपीण म्हणालो. पोटासाठी म्हणालो, पण तुझ्या तोंडावर म्हणालो, आणि तुला राबायला लावलं. पास होवो न होवो, भाडं फिटेपर्यंत इथंच, सगळ्यांदेखत कांडीन. माझं चुकलं, काकी."