पापडाच्या जाळीवरचा लॅपटॉप

वाळवंटातल्या चँडलर शहराच्या उन्हाळ्यात गाडीच्या दाराला हात लावता येत नाही, पण त्या दुपारी मला धास्ती होती ती डायनिंग टेबलावरच्या लॅपटॉपची. लॅपटॉप कंपनीचा. चिपच्या डिझाइनची मोठी टेस्ट त्यावर तीन तास चालू होती. प्रोसेसर पूर्ण ताकदीने राबत होता आणि पंखा असा किंचाळत होता की आता आतलं काहीतरी जळणारच. मध्येच बंद पडला असता तर टेस्ट पहिल्यापासून. त्यात गेल्याच आठवड्यात टीममधल्या दोघांना काढलेलं. मी इथे परदेशी, नोकरीच्या व्हिसावर. नोकरी गेली की साठ दिवसांत गाशा गुंडाळायचा.

नागपूरहून आलेली आई म्हणाली, "अरे, त्याच्या पोटाखालून हवा तरी जाऊ दे." आणि तिने पापड भाजायची जाळी आणली.

मी खेकसलो, "आई, हा काय पापड आहे?"

पण दुसरं काही सुचेना, म्हणून ठेवला जाळीवर. तापातल्या पोराचं कपाळ बघावं तसा दर दोन मिनिटांनी त्याला तळहात लावून बघत होतो.

थोड्या वेळाने पंखा मंदावला, मग गप्प झाला. मी आईला मिठीच मारली.

मग स्क्रीनकडे बघितलं. टेस्ट संपली नव्हती, अर्ध्यावर तुटली होती. कंपनीने माझं अकाउंट बंद केलं होतं.

"जाळी राहू दे हं खाली," आई म्हणाली, "उद्या परत तापेल तो."