सूनबाईचा पेपर आणि माझा पहारा

बायांनो, मी सांगतेय, नात टाइप करतेय.

आमची सून इथे कॅनडात बसून ब्रिटनच्या युनिव्हर्सिटीचं अकाउंटिंगचं मास्टर्स करते. आज तिचा बेसमेंटमध्ये कॅमेऱ्यासमोर पेपर होता. खोलीत दुसरं कुणी दिसलं तर पेपर रद्द! म्हणून मी दाराशीच खुर्ची टाकली.

मुलगा आला. "आई, माझे मोजे आत ड्रायरमध्ये आहेत."

"माझे घाल."

माझे जांभळे मोजे घालून तो फावड्याने बर्फ शोव्हल करायला गेला.

पेपर छान गेला. सून हसत बाहेर आली आणि सवयीने किचनकडे वळली. बर्फ काढून आत आलेल्या मुलाकडे बोट दाखवून मी म्हटलं, "बस गं, आज स्वयंपाक हा करेल."

"मला कुठे येतो?"

"हिला तरी अकाउंटिंग कुठे येत होतं? शिकतेय ना!"

आता खिचडीचा वास येतोय. बरा आहे. तुमच्याकडे सुनेची परीक्षा असली की स्वयंपाक कोण करतं?