क्षमाभेट

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी विचारलंच तर म्हणायचो, "मंडळ सोडलं, पटेनासं झालं." लोकांना तेवढं पुरायचं. मीही तेवढ्यावर भागवत आलो. नावं आजही कुणाची घालत नाही.

सोलापुरात चादरीच्या कारखान्यात मी जॉबर होतो, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. बायको गेल्यावर घर खायला उठायचं. त्या दिवसांत ओळखीच्या एकानं मला एका गुरुजींच्या भक्तमंडळाच्या गुरुवारच्या बैठकीला नेलं. तिथं जेवू घातलं, आपुलकीनं चौकशी केली. बघता बघता मी टीव्ही देऊन टाकला, शेजाऱ्यांकडं जाणं बंद केलं, आणि बार्शीच्या धाकट्या बहिणीकडचं पाणीही घेईनासा झालो. ती मंडळात नव्हती, म्हणून.

बहीण दुखावली. त्यावर मंडळात उपाय होता, क्षमाभेट. दुरावलेल्या नातेवाइकाकडं जायचं, पाय धरायचे, चुकलो म्हणायचं. ऐकायला चांगलंच वाटतं. पण त्याची रीत ठरलेली होती. माफी मागून झाली की आपण गप्प बसायचं. समोरच्याला भरून आलेलं असतं, तो आपणहून मनातलं बोलतो. ते ऐकायचं आणि गुरुवारी गुरुजींच्या कानावर घालायचं. माणसाची अडचण कळली की त्याला मंडळात आणता येतं, असं आम्हाला शिकवलेलं. मागाचा आवाज ऐकून मी बिघाड ओळखायचो. हेही तसंच, अशी मी मनाची समजूत घातली.

बार्शीला जाऊन मी बहिणीच्या पाया पडलो. ती दचकून मागं सरकली.

"अगं बाई, अण्णा! धाकटीच्या पाया पडतोस व्हय? ऊठ, लोक बघत्यात."

मग तिलाच रडू आलं. मला शिकवलं होतं त्याप्रमाणे मी गप्प बसलो. थोड्या वेळानं ती बोलायला लागली. मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलीला लहानपणापासून फिट यायच्या. गोळ्या चालू होत्या, बऱ्याच दिवसांत आली नव्हती. "पोराला समदं सांगितलंय, त्याची हरकत न्हाय. आईबापाला तोच सांगणार हाय, सवडीनं. तू कुटं बोलू नकोस, अण्णा."

गुरुवारी मी गुरुजींना सांगितलं. त्यांनी त्याच बैठकीत माइकवरून सांगितलं, की आपल्या एका बंधूंच्या बार्शीच्या भाचीला फिट येतात, लग्न तोंडावर आहे, सगळ्यांनी तिच्यासाठी जप करावा. जप झाला. मीही केला. त्या गर्दीत मुलाच्या नात्यातलं कुणीतरी होतं. आठवड्याच्या आत लग्न मोडलं.

बहिणीचा फोन आला. "तू माफी मागायला आला न्हवतास," एवढंच म्हणाली आणि ठेवून दिला.

तरीही मी मंडळ सोडलं नाही. हे लिहायला सगळ्यात जड जातंय. गुरुजी म्हणाले, मुलगी वाईट घरातून वाचली, आणि मला ते खरं वाटलं. खरं म्हणजे, खरं वाटून घेणं सोयीचं होतं.

सोडलं ते पुढं. मंडळातलाच एक जण माझ्या दारात आला, पाय धरून म्हणाला, "काका, तुमच्याबद्दल वाईट बोललो, चुकलं." मला गहिवरून आलं. अलीकडं बैठकीत मन लागत नाही, असं मी सांगायला लागलो, आणि बोलता बोलता त्याच्याकडं पाहिलं. तो अगदी शांत बसला होता. फारच शांत.

"गुरुवारी काय काय सांगणार?" मी विचारलं.

तो ओशाळून हसला. "तुम्हाला ठाऊकच आहे की, काका."

त्या गुरुवारी मी गेलो नाही, नंतरही नाही. पण बाहेर येऊन सुटल्यासारखं वाटलं नाही. कुणी गोड बोललं की मी त्याचा हेतू शोधायचो. शेजारीण शेंगाची चटणी आणि भाकरी पाठवायची. एकदा न राहवून मी तिला विचारलं, "तुम्हाला माझ्याकडून नेमकं काय हवंय?"

"डबा हवाय, काका!" ती म्हणाली. "तीन डबे अडकलेत तुमच्याकडं. चौथा कशात पाठवू?"

मी डबे दिले. तरी दोन दिवस तिच्यावर लक्ष ठेवून होतो.

पुढं रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी सरकारी दवाखान्यात गेलो असताना अक्कलकोटकडची एक म्हातारी डॉक्टरांपुढं कानडीत काकुळतीनं बोलत होती, आणि त्यांना काही कळत नव्हतं. माझी आई त्याच भागातली, घरात कानडी होती. मी मराठीत सांगितलं. आता रोज सकाळी जातो. पेशंट म्हणाला तेवढंच डॉक्टरांना सांगायचं, पदरचं काही नाही, आणि तिथलं बाहेर कुठं नाही. एकदा कुणी "मोठी सेवा करताय" म्हणालं, तर मी पुढचे काही दिवस फिरकलोच नाही. तो शब्द मंडळाचा. मग त्या रांगेतल्या म्हाताऱ्या आठवायला लागल्या, आणि गेलो.

त्यानंतरच बार्शीला जायचा धीर झाला. बहिणीनं दार अर्धंच उघडलं.

"आता कुणी धाडलंय?"

"कुणी न्हाय. मंडळ कवाच सोडलं."

"पिशवीत काय हाय?"

"शेंगाची चटणी. शेजारीण करते."

"तिनं केली असंल तर खाण्याजोगी असंल," म्हणाली आणि बाजूला झाली.

आत बसल्यावर मी सुरुवात केली, "माझं चुकलं..."

"थांब. ते माझ्या घरात पुन्यांदा बोलू नकोस." ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "आन् माझी माफी मागून काय करतोस? मोडलं ते तिचं."

"तिची मागतो."

"तिला ठाऊक न्हाय, कुणामुळं मोडलं. मुलाच्या बापानं दवाखान्यात चौकशी केली, असं सांगितलंय मी तिला. तिला एकच मामा हाय, अण्णा. तेवढा तरी ऱ्हाऊ दे."

हे ती भाचीसाठी म्हणाली, माझ्यासाठी, की मला तोंड उघडता येऊ नये म्हणून, ते मला आजही ठरवता येत नाही. आणि स्वतःचाही भरवसा नाही. सांगून टाकलं तर हलका मीच होणार होतो. हे लिहितोय तेही बहिणीला न विचारताच.

तेवढ्यात भाची शाळेतून आली. ती बार्शीतच शिकवते. ते लग्न मोडल्यावर तिनं दुसरं स्थळ पाहू दिलं नाही. मला बघून तिचा चेहरा खुलला. "मामा! किती वर्षांनी! आई, मामाला चहा तरी दिलास का?" पर्स टाकून स्वतःच आत गेली, चहा घेऊन आली आणि माझ्यासमोर बसली. बहीण दाराला टेकून माझ्याकडं बघत उभी होती.

मी कप खाली ठेवला. "पोरी," मी म्हणालो.

"काय मामा? साखर कमी झाली का?"

"न्हाय गं," मी म्हणालो. "बरोबर हाय."