मामाजींचं मनाचं शास्त्र

तुमच्या मनात काय चाललंय हे सांगणारे लोक आर्वीत चौकाचौकात भेटतात; पण तेच तुमच्या तोंडून, चहा थंड होईपर्यंत, वदवून घेणारा माणूस साऱ्या वर्धा जिल्ह्यात एकच आहे आणि तो माझा सासरा आहे. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. मामाजींनी उभी हयात कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं आणि त्या विषयाचा इतिहास ते भाऊबंदकीसारखा सांगतात. "हे शास्त्र आंधी तत्त्वज्ञानाच्या एकत्र कुटुंबात राहे. तिथं नुसत्या गप्पा. आत्मा काय, मन काय. मंग जर्मनीतल्या एका प्राध्यापकानं वेगळी चूल मांडली. प्रयोगशाळा काढली, माणसं बसवली, म्हणे आवाज ऐकला का बटन दाबा. तवापासून हे शास्त्र झालं!" हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलतो, जणू त्या चुलीच्या विटा त्यांनीच वाहून दिल्या होत्या.

त्या काळच्या प्रयोगशाळांत माणसाला स्वतःच्या आत पाहून, जाणवेल तेवढंच सांगायला शिकवत. मामाजींनी ती पद्धत आमच्या घरात अजून चालू ठेवली आहे. चहा कसा झालाय, याला 'छान' हे उत्तर चालत नाही. 'चहा' म्हटलेलंही चालत नाही, कारण ते वस्तूचं नाव झालं. गरम, गोड, जिभेच्या कडेला तुरट, असं सांगावं लागतं. माझ्या मेहुण्यासाठी मुलगी पाहायला आम्ही तळेगावला गेलो, तेव्हा मुलीच्या वडिलांनी पोहे कसे झाले म्हणून विचारलं. मामाजी डोळे मिटून म्हणाले, "ओलसर. मऊ. डाव्या दाढेखाली एक कडक जागा." सोयरीक मोडता मोडता राहिली.

पुढे या शास्त्रात अशी पिढी आली की तिनं मनालाच घराबाहेर काढलं. दिसतं ते वागणं, तेवढंच खरं. रशियातल्या कुत्र्यांची गोष्ट नुसती वर्गात सांगून मामाजींचं समाधान होईना, म्हणून गल्लीतल्या काळ्या कुत्र्याला ते देवघरातली घंटी वाजवून पोळी घालू लागले. कुत्रा शिकला. फारच चांगला शिकला. कुणाच्याही घरी आरती सुरू झाली की तो लाळ गाळत दारात हजर. सासूबाईंनी घंटी लपवली, पण शेजारच्या बायका त्याला भक्त समजून प्रसाद घालू लागल्या. मामाजी खूश. "सारी गल्ली माह्या प्रयोगाले हातभार लावून राह्यली!"

मी हार्डवेअरच्या दुकानात बसणारा माणूस. मनाची वेगळी चौकशी करावी असं मला कधी वाटलं नव्हतं. मागच्या वर्षी मात्र माझी झोप उडाली, गिऱ्हाइकाशी बोलावंसं वाटेना. घरात सारं नीट असताना आपण असे का, याची लाज वाटे. बायको माझ्या तोंडाकडे पाहत राही आणि तिला त्रास दिल्याचं ओझं आणखी वाढे. कुणी विचारलं तर मी म्हणे, "काई नाई." एका दुपारी मामाजींनी खुर्ची जवळ ओढली.

"काय होऊन राह्यलं, जावईबापू?"

"वाईट वाटते."

"हे नाव झालं. जाणवते काय ते सांगा."

"छातीवर दगड ठेवल्यासारखं..."

"दगड हाय काय तिथं? उपमा नको."

कितीतरी दिवसांनी मला हसू आलं, आणि मग मी सांगत गेलो. छाती जड. हात गार. सकाळी डोळे उघडूच नयेत असं वाटतं. एरवी कुणाला दोन वाक्यं पुरी करू न देणारे मामाजी ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत गप्प ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मी मोजणारा माणूस. बरं करणं मले येत नाई. उद्या वर्ध्याले जाऊ, मनाच्या डॉक्टरकडं."

मी कबूल झालो, पण गावाला कळू नये म्हणून जीव धास्तावला होता. दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर शेजारचा भांडी दुकानवाला भेटला. "कुठं निघाली सासरे-जावयाची जोडी?" मी लग्नाला म्हणणार, तोच मामाजी वर्गातल्या मागच्या बाकापर्यंत पोहोचणाऱ्या आवाजात म्हणाले, "मनाच्या डॉक्टरकडं!" स्टँडवरची माणसं वळून पाहू लागली. बसमध्ये रोहणा गाव येईपर्यंत मी खिडकीबाहेर तोंड करून बसलो. मग न राहवून विचारलं, "काऊन सांगितलं, मामाजी?"

"तुमचं वागणं तं लोकांले दिसतच होतं," ते शांतपणे म्हणाले. "मी फक्त कारण सांगितलं."

आता माझ्या गोळ्या कमी झाल्या आहेत. दुकानात मी पुन्हा गिऱ्हाइकाशी घासाघीस करतो, कधी जिंकतोही. गेल्या आठवड्यात तोच भांडीवाला आला. खिळे घेतले, पण गेला नाही.

"भाऊ, तो डॉक्टर कोणत्या वारी बसते?"

"मंगळवारी. कोणासाठी पाह्यजे?"

तो खिळ्यांची पुडी हातात फिरवत राहिला. विचारायला नको होतं, असं मला झालं.

मंगळवारी आम्ही तिघं निघालो. एसटीची पायरी चढताना मामाजींना आता माझ्या खांद्याचा आधार लागतो. त्यांनी खिडकीची जागा भांडीवाल्याला दिली, आणि वर्धा येईपर्यंत त्याला एकही प्रश्न विचारला नाही.