मासोळीच्या पापण्या

मासे धरणाऱ्या ढिवरांतला लटारू बारा वर्षं दंडारीत, म्हणजे गावच्या नाचगाण्याच्या खेळात, झिलकरी म्हणून मागं उभा राहिला. पुढच्यानं ओळ म्हणायची, यानं तिचा शेवट उचलायचा. गळा गोड, पण माणूस भिडस्त. चौपन्न सालच्या दिवाळीआधी पुढं गाणारा मुखरू कामाला चांद्याला निघून गेला आणि दंडारीचे कर्ते शालिकराम यांनी लटारूला पुढं काढलं. भाऊबीजेनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेला पाच-सहा गावं लोटतात. तिथं पुढं उभं राहून गायचं, म्हणून त्याची बायको गुणाबाई हिनं आठ दिवस आधीच धोतर धुऊन ठेवलं.

गाणं शालिकरामांनीच रचलेलं आणि आधीच गाजलेलं. धान कापताना बाया तेच म्हणत:

मिटलं कमळ पाण्यावर, बाई, मिटलं कमळ पाण्यावर
डोळे मिटून निजे मासोळी, बाई, पाण्याच्या बिछान्यावर

मागं असताना लटारूच्या वाट्याला नुसतं ‘बिछान्यावर’ यायचं. आता आख्खी ओळ तोंडात आली आणि पहिल्याच तालमीला तो तिथं अडला. शालिकरामांनी कारण विचारलं.

“भाऊ, मासोळी डोळे मिटत नाई. तिले पापणीच नाई.”

“गाण्यात चालते.”

“मंडईत ढिवरं पुढंच बसतीन, भाऊ. मले हासतीन.”

शालिकरामांनी बजावलं की ओळ आहे तशी म्हणायची, नाहीतर दुसरा झिलकरी बिरजू पुढं उभा राहील. लटारू खाली मान घालून घरी आला. बारा वर्षांनी नंबर लागला आणि गडी पापणीवर अडला, म्हणून गुणाबाईनं त्याला नाही नाही ते ऐकवलं. पण दुसऱ्या दिवशी तिनंच परातीत पाणी घेऊन एक जिती मरळ सोडली आणि परात नेऊन शालिकरामांच्या अंगणात ठेवली. लटारू तिच्या मागं मागं.

शालिकराम नुकतेच खळ्यावरून आले होते. त्यांनी मरळीकडं पाहिलं आणि ती जागी आहे, झोपल्यावर मिटेल, असं सांगून टाकलं. मग काय, ती झोपायची वाट पाहत सगळे परातीभोवती बसले. बघता बघता अर्धी दंडार जमली. मरळ बुडाशी निपचित, डोळे टक्क उघडे. ऊन चढलं. पहाटेपासून राबलेल्या शालिकरामांची मान हळूहळू छातीवर आली.

“मासोळी तशीच हाये,” गुणाबाई हळूच म्हणाली, “शालिकभाऊच मिटले.”

हशानं शालिकराम दचकून जागे झाले. रागावतील असं लटारूला वाटलं. पण ते परातीवर वाकले, मरळीच्या डोळ्याकडं बराच वेळ निरखून पाहत राहिले आणि ओशाळून म्हणाले, “जलमभर मुंडकंच आवडीनं खाल्लं न मी. डोया काही पाह्यला नाई.”

तिथंच त्यांनी ओळ बदलली. ‘डोळे उघडे ठेवून निजे मासोळी’ चालीत बसेना, तेव्हा ‘उघड्या डोळ्यानं निजे मासोळी’ केलं. पुढं लटारूच राहिला.

मंडईत मात्र निराळंच झालं. लटारूनं नवी ओळ म्हटली आणि गाणं पाठ असलेल्या बायांना वाटलं, नवा गडी चुकला. त्याला सावरायला त्या एका सुरात ओरडून गायल्या, ‘डोळे मिटून!’ लटारूचं एक पाऊल मागं गेलं. मागं सरायला झिलकऱ्यांत जागा होतीच. पण त्यानं दम घेतला आणि तीच ओळ पुन्हा, वरच्या पट्टीत लावली. पुढं बसलेल्या ढिवरांना नेमकं काय ते कळलं. त्यांनी ‘उघड्या डोळ्यानं’ उचलून धरलं. मग एकीकडून बाया, एकीकडून ढिवर, आणि मधे लटारू. ते एक कडवं सात वेळा झालं. शालिकराम टाळ वाजवायचे सोडून हसत बसले.

लटारू पुढं चौदा वर्षं दंडारीत गायला. धान कापणाऱ्या बाया म्हणत राहिल्या ‘डोळे मिटून’च, आणि त्यानं कुणाला कधी टोकलं नाही. आपली ओळ आली की तेवढी जरा मोठ्यानं म्हणायचा.