खंडेनवमीची बारा मिनिटं

जयवंत घाडी गेल्या सप्टेंबरअखेर आमच्या संस्थेतून निवृत्त झाला. एकोणचाळीस वर्षं त्याने काच फुंकली, भट्ट्या सांभाळल्या आणि स्फटिक वाढवले. निरोपाच्या भाषणांत सगळे त्याच्या हाताचं कौतुक करत होते. त्यात खोटं काही नव्हतं, पण एक गोष्ट कुणीच बोललं नाही. ती मला पहिल्यापासून माहीत आहे, कारण मी तिथे होते. मी स्टोअरमध्ये आहे, गिरगावातून रोज परळला येते, आणि गप्प बसण्याचं माझं कारण जयवंतच्या कारणापेक्षाही हलकं होतं.

त्याचे वडील लालबागच्या गिरणीत होते. संपात गिरणी गेली आणि एकविसाव्या वर्षी जयवंत आमच्याकडे मदतनीस म्हणून चिकटला. शिक्षण दहावी, तेही दुसऱ्या फटक्यात. पण नळी ज्योतीवर धरली की कुठे जाड झाली, कुठे पातळ, हे त्याला न बघता कळायचं. मोठमोठ्या पदव्यांचे लोक त्याच्या टेबलाशी रांग लावून उभे राहायचे, आणि तो त्यांना खुशाल तासभर थांबवायचा. स्वभावाने तसा आखडूच.

रुचा पीएचडीला आली तेव्हा त्याने तिला तब्बल सहा महिने भट्टीला हात लावू दिला नाही. पुढे मात्र ती त्याच्या डब्यातली भाकरी हक्काने खाऊ लागली. तिचं काम मी स्टोअरच्या खिडकीतून ऐकून ऐकून शिकले. एका बिनरंगी पदार्थाच्या स्फटिकात दुसऱ्या एका जांभळ्या पदार्थाची चिमूट मिसळायची, म्हणजे गुलाबी खडा होतो. त्यावर पिवळ्या लेझरचा झोत टाकला की आतले रेणू जागे होतात आणि शांत होता होता, सगळे एका सुरात, मायक्रोवेव्ह सोडतात. आपल्या ओव्हनमधल्या लहरींच्याच जातीच्या, पण अगदी क्षीण. पूर्वी असली यंत्रं चालायला भयंकर गारठा हवा असायचा, नाहीतर मोठाले चुंबक. रुचाला हे साध्या खोलीत, पंख्याखाली करून दाखवायचं होतं. जयवंतने घरी बायकोला, जाईबाईला, समजावून सांगितलं होतं की उजेड आत घालायचा आणि न दिसणारा उजेड बाहेर काढायचा. तिला ते पटलं, असं तो सांगायचा.

खडा वाढवायची पद्धत अशी. काचेच्या बंद नळीत वितळलेला माल असतो. एक छोटी मोटर ती नळी तासाला दोन मिलिमीटर या गतीने भट्टीच्या गरम भागातून थंड भागात उतरवते, आणि टोकाकडून एकेक थर गोठत जातो. दीड-दोन दिवस मोटर अखंड चालावी लागते. मध्ये थांबून पुन्हा सुरू झाली की नळीला हिसका बसतो.

दोन वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी सहा वाजता रुचाने पहिला मोठा खडा लावला. सकाळी ती आंघोळीला हिंदमाताला घरी गेली. दसऱ्याला सुट्टी, म्हणून आमच्याकडे यंत्रांची पूजा खंडेनवमीलाच होते. झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ. दहा वाजता मी तबक घेऊन जयवंतच्या मागून भट्टीच्या खोलीत गेले. त्याने मोटर बंद केली.

मी विचारलं, चालेल का. तो म्हणाला, "चालत्या यंत्राक कुंकू लावूचा नसता. बाबांनी कधी लावूक नाय." वडिलांच्या गिरणीत त्या दिवशी साचे, म्हणजे माग, थांबवून पुसत आणि मगच पूजा करत. आरती झाली, प्रसाद झाला, त्याने मोटर सुरू केली. घड्याळात दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. एवढ्याशा वेळाने काय होणार, असं आम्हा दोघांनाही मनापासून वाटलं होतं.

खडा बाहेर आला तो मधोमध आडवा तडकलेला. त्यातून लहरींचा मागमूस लागला नाही. शुक्रवारच्या बैठकीत रुचाच्या गाइडने, हितेंद्र सरांनी, तिला सर्वांसमोर झापलं. ती नीट शुद्ध करत नाही, मालात कचरा आहे, हाताला शिस्त नाही. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू आलं. जयवंत वर्कशॉपमध्ये होता. संध्याकाळी मी त्याला सांगितलं, तेव्हा त्याने मान खाली घालून चिमटे पुसले. सोमवारी बोलतो, म्हणाला. सोमवारी सर दौऱ्यावर गेले होते. मग दिवाळी आली, आणि मग बोलणं जास्त जास्त अवघड होत गेलं.

रुचा आठ महिने माल शुद्ध करत राहिली. तापवायचा, गोठवायचा, वरचा चांगला भाग कापून घ्यायचा, पुन्हा तापवायचा. तिच्या बोटांची सालं निघाली. ती जेवायला यायची बंद झाली. मला राग यायचा तो जयवंतचा, आणि खरं सांगायचं तर तोच सोपा होता. तबक माझ्याच हातात होतं, मीही तोंड उघडू शकले असते. पण लोक हसतील, पूजा कायमची बंद होईल आणि नोटीस येईल, हे सगळं मी मनात आधीच रचून ठेवलं होतं.

जूनमध्ये दुसरा खडा लागला. जयवंतने मोटरला कुणाला हात लावू दिला नाही. खडा निघाला स्वच्छ, गुलाबी. जयवंतनेच लेथवर कातलेल्या तांब्याच्या डब्यात तो बसवला, पिवळा झोत पडला, आणि पडद्यावरच्या रेषेत एक बारीक उंचवटा उठून विरला, म्हणजे लहरी मिळाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, बघ, शुद्ध मालाचा फरक.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये रुचाने प्रबंधातलं भट्टीचं प्रकरण जयवंतकडे तपासायला दिलं. आभारांत त्याचं नाव पहिलं होतं. आकडे वाचता येण्याइतकं इंग्रजी त्याला येत होतं, बाकी त्याने माझ्याकडून वाचून घेतलं. पहिला खडा अशुद्ध मालामुळे तडकला, असं त्यात लिहिलं होतं. मी वाचायची थांबले. तो उठून खिडकीशी गेला. मग म्हणाला, "आता ह्या छापून येतला. उद्या कोण तरी ह्याच्यावर विश्वास ठेवून वर्ष घालवतला." आणि त्याने रुचाला बोलावून आणलं.

त्याने आडपडदा न ठेवता सांगितलं. तबक मी धरलं होतं, हे मी सांगितलं. रुचाने विचारलं, "किती वाजता थांबवलीत?" तो म्हणाला, "दहा ते दहा बारा." तिने जुनी वही काढली. सहापासून दहापर्यंत सोळा तास, तासाला दोन मिलिमीटर. तडा टोकापासून बत्तीस मिलिमीटरवर होता. वहीत तिच्याच अक्षरात तसं नोंदलेलं होतं.

तिने वही मिटली. "आठ महिने मला वाटत होतं की माझे हातच खराब आहेत, काका. अजून वाटतं."

आभारांतून माझं नाव काढ, एवढंच जयवंत म्हणाला. त्या शुक्रवारी तो आयुष्यात पहिल्यांदा बैठकीच्या खोलीत गेला आणि उभं राहून सर्वांसमोर सगळं सांगितलं. प्रबंधातलं वाक्य बदललं गेलं. नाव रुचाने काढलं नाही.

ती त्याला पूर्वीसारखंच काका म्हणत राहिली, आरडाओरडा कधी केला नाही. पण त्याच्या शेवटच्या महिन्यात तिसरा खडा लागला, तेव्हा ती वही घेऊन मोटरसमोर उभी राहिली. दर अर्ध्या तासाने मोटर चालू आहे ना, हे ती स्वतः बघून लिहीत होती. जयवंत दारात आला, त्याने ते पाहिलं, आणि आत जाऊन तिच्यासाठी स्टूल आणून ठेवलं.